एकट्या माणसाकडे पाहणारे: अभिजात अमेरिकन लघुकथेतील एकाकीपणा कसा वाचावा

एम.ए.च्या वर्गात अमेरिकन साहित्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अभ्यासाला लावलेल्या जवळजवळ प्रत्येक अमेरिकन कथेत एकटे पडलेले माणूस का भेटते? मार्गदर्शक पुस्तकांत व्यक्तिवाद, औद्योगिकीकरण आणि शहरांची वाढ अशी तीन कारणे दिलेली असतात. तेवढी पुरेशी आहेत का, आणि नसतील तर या कथा कशा वाचायच्या व कोणत्या आधी वाचायच्या? हा पेपर मी बरीच वर्षे शिकवत आलो आहे आणि हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात नेहमी समोर येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

ती तीन कारणे चुकीची नाहीत. अलेक्सी द तोकव्हिल या फ्रेंच अभ्यासकाने अमेरिकेतील लोकशाहीवरच्या आपल्या ग्रंथाच्या १८४० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात लिहून ठेवले आहे की समतेवर उभ्या राहिलेल्या समाजात माणूस पूर्वजांना विसरतो, वंशजांपासून आणि समकालीनांपासून तुटतो आणि अखेर स्वतःच्याच अंतःकरणाच्या एकांतात कोंडला जाण्याचा धोका निर्माण होतो. एमर्सन या अमेरिकन विचारवंताने १८४१ मध्ये स्वावलंबनाचा पुरस्कार करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि थोरो हा लेखक १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला, म्हणजे एकटे राहण्याला त्या समाजात एक प्रकारची प्रतिष्ठाही होती. परंतु ही सारी माहिती समाजाबद्दल बोलते, कथेबद्दल बोलत नाही. ती कोणत्याही कथेला सारखीच लागू पडते, आणि म्हणून उत्तरपत्रिकेत मेलव्हिलच्या कथेतला बार्टलबी आणि फॉकनरच्या कथेतली मिस एमिली यांच्याबद्दल एकच परिच्छेद दोनदा लिहिला जातो, फक्त नावे बदलतात.

आयरिश कथाकार फ्रँक ओ'कॉनर याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लघुकथेवर जे पुस्तक लिहिले, त्यातला विचार इथे अधिक उपयोगी पडतो. कादंबरीला भरल्या समाजाची गरज असते, लघुकथा मात्र समाजाच्या कडेला राहणाऱ्या माणसांची असते आणि माणसाच्या एकाकीपणाची तीव्र जाणीव हा तिचा स्वभावच आहे, असे त्याचे म्हणणे होते. एडगर अॅलन पो याने १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना एका बैठकीत वाचून होणाऱ्या लेखनाचा आग्रह धरला होता. तोही या विचाराला पूरक ठरतो. एका बैठकीच्या कथेत घराणी, सोयरिकी, दोन पिढ्यांचे व्यवहार मावत नाहीत. माणूस आपल्याला भेटतो तेव्हा त्याचे बहुतेक धागे आधीच तुटलेले असतात.

यापुढे जाऊन मी एका गोष्टीवर भर देतो, आणि माझे खरे उत्तर तेच आहे. कथेतले एकाकी माणूस कोण, हे पहिल्या दोन पानांत कळते. पण त्याच्याकडे पाहते आहे कोण, त्या पाहणाऱ्याला किती माहीत होते, आणि माहीत असूनही त्याने काय केले, हे शोधावे लागते. या परंपरेतल्या मोठ्या कथा एकाकी माणसाला सहसा स्वतः बोलू देत नाहीत. त्याची गोष्ट शेजारचा कोणी तरी सांगतो: कचेरीचा मालक, गावातला तरुण बातमीदार, सबंध गाव, थोरला भाऊ. एकाकीपणा त्या दोघांच्या मधल्या अंतरात असतो, आणि ते अंतर कमी करणे शक्य असताना बघ्याची भूमिका घेणारा माणूस हा कथेचा दुसरा, आणि पुष्कळदा अधिक महत्त्वाचा, विषय असतो.

याची सुरुवात पोच्या 'द मॅन ऑफ द क्राउड' या १८४० च्या कथेत दिसते. लंडनमधल्या एका कॉफीगृहाच्या खिडकीत बसलेला, आजारातून नुकताच उठलेला निवेदक रस्त्यावरच्या गर्दीची वर्गवारी करत असतो: हे कारकून, हे खिसेकापू, हे जुगारी. एक म्हातारा कोणत्याच वर्गात बसत नाही, म्हणून निवेदक रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या मागे फिरतो. एक रस्ता ओस पडला की म्हातारा दुसऱ्या गर्दीकडे धाव घेतो. एकटे राहणे त्याला सोसत नाही. शेवटी निवेदक समोर उभा राहून त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहतो, म्हाताऱ्याचे त्याच्याकडे लक्षही जात नाही, आणि निवेदक ठरवून टाकतो की हा गुन्हेगारीचा मूर्तिमंत नमुना आहे. फाटक्या कपड्यांतून क्षणभर दिसल्यासारखे वाटलेले हिरा आणि खंजीर यांपलीकडे त्याच्याजवळ पुरावा नाही. त्याने म्हाताऱ्याला एक शब्दही विचारलेला नाही, आणि त्या पूर्ण वेळात शहरभर एकटा हिंडणारा दुसरा माणूस तो स्वतःच आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

हर्मन मेलव्हिलची 'बार्टलबी' ही कथा १८५३ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये पटनम्स मासिकात लेखकाच्या नावाशिवाय दोन भागांत छापली गेली, आणि या विषयावर एकच कथा वाचायची असेल तर मी हीच सुचवतो. वॉल स्ट्रीटवरच्या एका वकिलाच्या कचेरीत बार्टलबी नावाचा फिकट चेहऱ्याचा तरुण नक्कलनवीस म्हणून लागतो, शंभर शब्दांना चार सेंट या चालू दराने कागदपत्रांच्या नकला करतो, आणि एके दिवशी नकला ताडून पाहण्याचे काम सांगितल्यावर शांतपणे म्हणतो की ते न करणे मला अधिक पसंत आहे. हळूहळू तो सगळ्याच कामांबद्दल हेच म्हणू लागतो. विद्यार्थी सहसा या नकाराच्या अर्थात अडकतात: तो भांडवलशाहीविरुद्धचा बंडखोर आहे का, मनोरुग्ण आहे का, संत आहे का? या प्रश्नांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. मी मात्र आधी हिरव्या पडद्याकडे पाहायला सांगतो.

कचेरीचे काचेच्या दारांनी दोन भाग केलेले आहेत. वकील बार्टलबीला आपल्या बाजूच्या भागात, एका बारक्या खिडकीशी बसवतो. त्या खिडकीपासून तीन फुटांवर भिंत आहे. मग तो एक उंच, घडीचा हिरवा पडदा आणून मध्ये उभा करतो, म्हणजे बार्टलबी नजरेआड होईल पण हाकेच्या टप्प्यात राहील, आणि या व्यवस्थेवर समाधान व्यक्त करताना तो म्हणतो की अशा रीतीने खासगीपणा आणि सहवास दोन्ही साधले. बार्टलबीने अजून एकही नकार दिलेला नसतो, त्याचे काहीही वेगळेपण दिसलेले नसते, आणि तो आधीच पडद्याआड गेलेला असतो. पडदा उभा करणारा माणूस कोण, हे वकील स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

या वकिलाला दुष्ट ठरवून मोकळे होणे मात्र फार सोपे आणि चुकीचे आहे. एका रविवारी सकाळी तो सहज कचेरीत डोकावतो आणि त्याला कळते की बार्टलबी तिथेच राहतो. मेजाखाली गुंडाळून ठेवलेले कांबळे, विझलेल्या शेगडीखाली बूटपॉलिशची डबी आणि ब्रश, खुर्चीवर पत्र्याचे घमेले, साबण आणि फाटका टॉवेल, वर्तमानपत्रात आल्याच्या बिस्किटांचा चुरा आणि चीजचा तुकडा. वॉल स्ट्रीट रविवारी निर्मनुष्य असतो; दिवसभर माणसांनी गजबजलेली ही इमारत रात्री रिकामी असते, आणि त्या रिकामपणात हा माणूस एकटा राहतो. वकिलाला आयुष्यात पहिल्यांदा जिव्हारी लागणारे दुःख होते आणि आपण दोघेही माणसेच आहोत, हे नाते त्याला जाणवते. ती जाणीव खरी आहे. पण पुढच्याच काही ओळींत तिचे रूप बदलते: दुःखाचे भय होते, दयेची किळस होते, आणि याचा आजार आत्म्याचा आहे, तिथे आपला हात पोहोचत नाही, असा हिशेब मांडून तो त्याला कामावरून काढण्याचे ठरवतो. हिशेबाचे बारा डॉलर देणे असते, तो बत्तीस देतो. पैसे देऊन माणसापासून सुटका करून घेण्याचा हा प्रसंग मेलव्हिलने ज्या बारकाईने लिहिला आहे, तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याजोगा आहे.

बार्टलबी जात नाही, तेव्हा वकील स्वतःच कचेरी हलवतो. पुढे नव्या भाडेकरूची आणि घरमालकाची तक्रार येते, तो परत जातो आणि बार्टलबीला विचारतो की तू माझ्याबरोबर माझ्या घरी येतोस का. सबंध कथेतला हा एकमेव खरा प्रस्ताव आहे आणि तो फार उशिरा येतो; बार्टलबी नको म्हणतो आणि वकील अक्षरशः पळ काढतो. बार्टलबीला भटक्या म्हणून तुरुंगात टाकतात आणि तिथे भिंतीच्या पायथ्याशी तो मरून पडलेला सापडतो. शेवटी वकील एक ऐकीव गोष्ट सांगतो: बार्टलबी पूर्वी वॉशिंग्टनच्या टपाल खात्यात, पत्ता न लागलेल्या पत्रांच्या विभागात कारकून होता आणि ती पत्रे जाळण्यासाठी वेगळी काढण्याचे काम करत असे. अनेक वाचक ही माहिती बार्टलबीच्या वागण्याचे कारण म्हणून स्वीकारतात. मला ती वकिलाने स्वतःच्या समाधानासाठी शोधलेली वाट वाटते: दोष त्या जुन्या नोकरीचा, त्या पत्रांचा, एकंदर मानवजातीचा, आपल्या हिरव्या पडद्याचा नव्हे. कथा मानवजातीच्या नावाने उसासा टाकून संपते आणि वकिलाला त्या उसाशामागे सहज लपता येते.

शेरवुड अँडरसनच्या १९१९ सालच्या 'वाइन्सबर्ग, ओहायो' या कथाचक्रात कचेरीची जागा लहान गाव घेते. शहर माणसाला एकटे पाडते आणि गाव सांभाळून घेते, अशी जी एक सोयीची समजूत असते, ती मोडून काढण्यासाठी हे पुस्तक पुरेसे आहे. 'हँड्स' या कथेतला विंग बिडलबॉम वीस वर्षे गावाच्या कडेला राहतो आणि स्ट्रॉबेरी तोडण्याच्या कामात त्याच्या हातांची चपळाई गावात प्रसिद्ध आहे. पण ते हात तो सतत खिशात किंवा पाठीमागे लपवतो. पूर्वी तो पेनसिल्व्हेनियात दुसऱ्या नावाने शिक्षक होता, मुलांच्या खांद्यावर हात ठेवून, केसांतून हात फिरवत मायेने बोलत असे, आणि एका मुलाच्या बडबडीवरून उठलेल्या संशयाने गावाने त्याला मारहाण करून रात्रीच्या अंधारात हाकलून लावले. त्याने असे काय केले की गाव उलटले, हे त्याला स्वतःला आजही उमगलेले नाही. दोष हातांचा असावा एवढेच तो धरून आहे.

इथे पाहणारा आहे जॉर्ज विलार्ड, गावच्या वर्तमानपत्राचा तरुण बातमीदार, विंगचा एकमेव मित्र. एकदा बोलण्याच्या भरात विंग त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याच्या गालावरून हात फिरवतो, आणि मग घाबरून निघून जातो. जॉर्जच्या मनात येते की या हातांबद्दल काही तरी आहे, पण ते काय आहे हे मला जाणून घ्यायचे नाही. तो विचारत नाही. विंगची हकिगत आपल्याला, म्हणजे वाचकांना, कळते. त्याच्या एकुलत्या एका मित्राला ती कधीच कळत नाही. याच पुस्तकातल्या 'अॅडव्हेंचर' या कथेत कपड्यांच्या दुकानात काम करणारी अॅलिस हिंडमन अकरा वर्षे प्रियकराची वाट पाहिल्यावर एका पावसाळी रात्री विवस्त्र होऊन रस्त्यावर धावते आणि दिसेल त्या माणसाला हाक मारते. तो नेमका एक बहिरा म्हातारा निघतो आणि 'काय? काय म्हणता?' एवढेच विचारतो. अँडरसनचे गद्य कधी कधी भाबडे आणि पसरट होते, हा आक्षेप मला मान्य आहे, पण या दोन प्रसंगांची नेमकी ताकद त्याच्या पुढच्या पिढीतल्या फार थोड्या लेखकांना साधली.

विल्यम फॉकनरची 'अ रोझ फॉर एमिली' ३० एप्रिल १९३० रोजी द फोरम या नियतकालिकात आली आणि तिच्यात पाहणारा एक माणूस नाही, 'आम्ही' आहे. मिस एमिली ग्रिअर्सन वारली तेव्हा सगळे गाव अंत्ययात्रेला लोटले, पुरुष आदरापोटी आणि बायका मुख्यतः तिचे घर आतून पाहण्याच्या उत्सुकतेने, असे हे 'आम्ही' पहिल्याच वाक्यात कबूल करतात. बाप जिवंत असताना येणाऱ्या प्रत्येक तरुणाला चाबूक दाखवून पिटाळत असे. बाप गेल्यावर ती तीन दिवस तो मेल्याचे नाकारते. पुढे होमर बॅरन हा उत्तरेकडून आलेला रस्त्याच्या कामावरचा मुकादम तिच्या आयुष्यात येतो आणि एक दिवस दिसेनासा होतो. या सगळ्या काळात गाव तिच्या खिडकीवरून नजर हटवत नाही. 'बिचारी एमिली' असे म्हणत म्हणत ते तिला वेशीवर टांगते.

या कथेचे मर्म मला दोन ठिकाणी सापडते. पहिले ठिकाण चुन्याचे. घरातून दुर्गंधी येऊ लागते तेव्हा एका सभ्य बाईला तुमच्या घराला वास येतो असे सांगायचे कसे, या संकोचाने गावातली चार माणसे मध्यरात्रीनंतर चोरपावलांनी तिच्या अंगणात शिरून चुना टाकून येतात. तिच्याशी बोलण्याऐवजी चुना टाकणे गावाला सोपे वाटते. दुसरे ठिकाण शेवटच्या भागात आहे. वरच्या मजल्यावर चाळीस वर्षे कोणी न पाहिलेली एक खोली आहे आणि तिचे दार फोडावे लागणार आहे, हे आम्हांला आधीच माहीत होते, असे निवेदक जाता जाता बोलून जातो. कधीपासून माहीत होते? कसे? 'आम्ही' त्याचे उत्तर देत नाहीत, आणि खोलीतल्या बिछान्यावर होमरचे प्रेत सापडण्याचा धक्का इतका मोठा असतो की वाचकही ते विचारायला विसरतो. परीक्षेत या कथेवर भूतकाळाला चिकटून राहणाऱ्या अमेरिकन दक्षिणेचे प्रतीक म्हणून उत्तर लिहिले जाते आणि ते बरोबरच असते. पण गावाला किती ठाऊक होते, हा प्रश्न विचारलेली उत्तरपत्रिका क्वचितच हाती येते.

फॉकनरच्या याच कथेत आणखी एक माणूस आहे ज्याच्याकडे 'आम्ही' धड पाहतसुद्धा नाहीत, तो म्हणजे टोब हा कृष्णवर्णीय नोकर. तो आयुष्यभर बाजाराची टोपली घेऊन आत-बाहेर करतो, कोणाशी बोलत नाही, आणि त्याचा आवाज न वापरल्यामुळे गंजल्यासारखा घोगरा झाला आहे, एवढी एक नोंद गाव करते. एमिली मेल्यावर तो पुढचे दार उघडून बायकांना आत घेतो, सरळ घरातून चालत मागच्या दाराने बाहेर पडतो आणि पुन्हा कोणाला दिसत नाही. त्या खोलीचे सत्य माहीत असणारा तो एकटाच जिवंत माणूस असणार. त्याचा एकाकीपणा एमिलीपेक्षा अधिक खोल आहे आणि त्याला कथाच मिळत नाही, कारण सांगणाऱ्यांना तो कथेचा विषयच वाटत नाही. मिसिसिपीतल्या त्या काळच्या वंशभेदाबद्दल याहून बोलका पुरावा कथेत शोधण्याची गरज नाही.

हेमिंग्वेची 'अ क्लीन, वेल-लायटेड प्लेस' (१९३३) अवघ्या चार-पाच पानांची आहे आणि स्पेनमध्ये घडते. मध्यरात्र उलटून गेली आहे, एक बहिरा म्हातारा कॅफेत ब्रँडी पीत बसला आहे, गेल्या आठवड्यात त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला होता, आणि दोन वेटर त्याच्याविषयी बोलत आहेत. तरुण वेटरची बायको घरी वाट पाहते आहे, त्याला दुकान बंद करायचे आहे. तो म्हाताऱ्याच्या तोंडावर, त्याला ऐकू येत नाही हे जाणून, म्हणतो की तू गेल्या आठवड्यातच मरायला हवे होतेस. थोराड वेटर म्हणतो की हा म्हातारा स्वच्छ आहे, न सांडता पितो, आता नशेतसुद्धा. या एका निरीक्षणात जी आदराची भावना आहे, ती आतापर्यंतच्या कोणत्याही बघ्याजवळ नव्हती. थोराड वेटर म्हाताऱ्यामध्ये स्वतःला पाहतो, ज्यांना रात्री दिव्याची गरज असते त्यांच्यात स्वतःची गणना करतो. आणि मग तो दुसऱ्या बारमध्ये जातो तेव्हा तिथला बारवाला त्याच्याकडे पाहून आणखी एक वेडा, असे पुटपुटतो. पाहणारा एका पानात पाहिला जाणारा होतो. जिज्ञासूंसाठी सांगतो, म्हाताऱ्याच्या आत्महत्येच्या प्रयत्नाची माहिती कोणत्या वेटरला आधीपासून आहे, यावर अभ्यासकांत मोठा वाद झाला, कारण मूळ पाठात संवादांचा धागा एका जागी तुटतो. १९६५ मध्ये प्रकाशकाने तिथला पाठ बदलला आणि वाद त्यानंतरही चालूच राहिला. एकट्या माणसाबद्दल कोणाला काय माहीत होते, हा प्रश्न इथे पाठचिकित्सेचासुद्धा, म्हणजे मूळ मजकूर नेमका कोणता हे ठरवण्याचा, प्रश्न झाला आहे.

आता एक सावधगिरी. एकटे राहणारे प्रत्येक पात्र एकाकी असतेच असे नाही. मेरी विल्किन्स फ्रीमनच्या १८९१ च्या संग्रहातली 'अ न्यू इंग्लंड नन' ही कथा या दृष्टीने फार मोलाची आहे आणि तिच्याकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते. लुइसा एलिसचा वाग्दत्त वर जो डॅगेट पैसा कमवायला ऑस्ट्रेलियाला जाऊन चौदा वर्षांनी परत आला आहे. तो भेटायला येतो, मेजावरच्या दोन पुस्तकांचा क्रम सहज बदलतो आणि ती तो पुन्हा पहिल्यासारखा लावते. तो गेल्यावर ती दिवा घेऊन गालिच्यावरची धूळ तपासते. गुलाबाचा आणि पुदिन्याचा अर्क काढणे, तागाच्या कापडावर बारीक शिवण घालणे आणि शिवण्याच्या आनंदासाठी ती उसवून पुन्हा घालणे, हे तिचे जग आहे. जो आणि लिली डायर एकमेकांवर प्रेम करतात हे योगायोगाने कानावर आल्यावर ती कोणालाही न दुखावता लग्न मोडते आणि सुटकेचा निःश्वास टाकते. फ्रीमन तिची कीव करत नाही, आणि वाचकालाही करू देत नाही. तिच्या दारातला सीझर हा कुत्रा लहानपणी एकदा कोणाला चावल्याबद्दल चौदा वर्षे साखळीला बांधलेला आहे, हे दाखवून या नीटनेटक्या एकांताची किंमतही ती मोजते. यादवी युद्ध आणि पश्चिमेकडचे स्थलांतर यांमुळे न्यू इंग्लंडच्या खेड्यांत पुरुषांची संख्या रोडावली होती आणि अविवाहित स्त्रिया पुष्कळ होत्या, ही त्या काळची वस्तुस्थिती कथेच्या मागे उभी आहे.

याच्या अगदी उलट टोकाला शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२) आहे. तिथल्या बाईच्या भोवती माणसे आहेत, डॉक्टर नवरा आहे, नणंद आहे, आणि तरी गज लावलेल्या खिडक्यांच्या वरच्या खोलीत तिला विश्रांतीच्या नावाखाली कोंडले आहे. सायलस विअर मिचेल या नामांकित डॉक्टरच्या विश्रांती-उपचारातून गिलमन स्वतः गेली होती. लेखणीला हात लावू नकोस, असा सल्ला तिला मिळाला होता. या कथेत निवेदनाचा कागद पाहिल्या जाणाऱ्या व्यक्तीच्या हाती आला आहे, चोरून का होईना, आणि नवऱ्याचा प्रेमळ, समंजस, काहीही न ऐकणारा चेहरा आपल्याला तिच्या नजरेतून दिसतो. बार्टलबीने स्वतः लिहिले असते तर वकील कसा दिसला असता, याची कल्पना करायची असेल तर ही कथा शेजारी ठेवून वाचावी.

मराठी वाचकाला या कथा वाचताना एक विशिष्ट अडचण येते, तिचा उल्लेख करणे भाग आहे. जी. ए. कुलकर्णींच्या कथांवर आपली अभिरुची घडलेली असते, आणि त्यांच्या कथांतला एकाकीपणा नियतीच्या दिशेने पाहतो. माणूस एकटा आहे कारण विश्वाची रचनाच तशी आहे. योगायोग असा की कॉनरॅड रिक्टरच्या अमेरिकन कादंबऱ्या मराठीत आणणारेही जी. ए.च होते, त्यामुळे अमेरिकन साहित्यही आपण नकळत त्यांच्या सावलीत वाचतो. परंतु मेलव्हिल, अँडरसन, फॉकनर यांच्या कथांत नियतीला फारसे काम नाही. तिथे पडदा कोणी तरी उभा केलेला असतो, चुना कोणी तरी टाकलेला असतो, प्रश्न कोणी तरी विचारायचा टाळलेला असतो. त्यावर नियतीचा शिक्का मारला की वकिलासारखीच आपलीही सोय होते.

जेम्स बाल्डविनची 'सनीज ब्लूज' (१९५७) मी या मालिकेत शेवटी शिकवतो, कारण तिच्यात बघ्या बदलतो. निवेदक हार्लेममध्ये बीजगणित शिकवणारा मास्तर आहे आणि धाकटा भाऊ सनी हेरॉइनच्या प्रकरणात पकडला गेल्याची बातमी त्याला कामावर जाताना, भुयारी रेल्वेत, वर्तमानपत्रातून कळते. सख्खा भाऊ, पण बातमी छापून आल्यावर कळते. आईने मरण्याआधी त्याला वडिलांच्या भावाची गोष्ट सांगितली होती, गोऱ्या माणसांच्या मोटारीखाली चिरडला गेलेल्या भावाची, आणि बजावले होते की तुला काही थांबवता आले नाही तरी चालेल, पण तू आहेस हे त्याला कळू दे. तो ते वचन पाळत नाही. सनी तुरुंगात असताना तो बराच काळ पत्रही लिहीत नाही. स्वतःची लहान मुलगी ग्रेस पोलिओने गेल्यावरच त्याला लिहावेसे वाटते. आपले दुःख भोगल्यावर त्याला भावाचे दुःख खरे वाटू लागते, आणि बाल्डविन ही गोष्ट कोणताही उपदेश न करता, कालक्रम मागेपुढे करत, वाचकाच्या गळी उतरवतो.

मग सनी त्याला आपले पियानोवादन ऐकायला बोलावतो. क्लबमध्ये निवेदक कोपऱ्यातल्या मेजाशी बसतो आणि सबंध शेवटचा भाग फक्त ऐकण्याचा आहे: क्रिओल हा बासवादक सनीला खोल पाण्यात उतरायला कसा लावतो, सनी आधी चाचपडतो, मग त्याला स्वतःचा सूर कसा सापडतो. पोच्या निवेदकाने पाठलाग केला, मेलव्हिलच्या वकिलाने पैसे दिले, जॉर्जने विचारले नाही, गावाने चुना टाकला. हा भाऊ गप्प बसून ऐकतो. त्याला हेही ठाऊक आहे की हा क्षण तात्पुरता आहे आणि बाहेरचे जग वाघासारखे भुकेले उभे आहे. वर्णभेदाच्या त्या व्यवस्थेत सनीचे पुढे काय होईल, याची कोणतीही हमी कथा देत नाही.

आता वाचनाचा क्रम. हेमिंग्वेपासून सुरुवात करावी, कारण ती कथा एका बैठकीत दोनदा वाचता येते. दुसऱ्या वाचनात प्रत्येक संवाद कोणाचा आहे ते समासात लिहावे. त्यानंतर फॉकनर, आणि वाचताना 'आम्ही' कुठे येते आणि ते हळूच 'ते लोक' कुठे होते, त्या जागांवर खुणा कराव्यात. लज्जास्पद कृत्य आले की सर्वनाम बहुधा बदललेले दिसेल. मग फ्रीमन आणि गिलमन एकापाठोपाठ एक. 'बार्टलबी' लांब आहे आणि तिची वाक्येही लांब आहेत, म्हणून ती सुट्टीत, दोन-तीन बैठकांत वाचावी, आणि प्रत्येक बैठकीनंतर वकिलाने त्या भागात काय पाहिले, त्याला काय वाटले आणि त्याने प्रत्यक्ष काय केले, हे तीन रकान्यांत लिहून काढावे. दुसरा रकाना भरलेला आणि तिसरा जवळजवळ रिकामा राहतो. परीक्षेतल्या उत्तराची सुरुवात त्या तिसऱ्या रकान्यापासून करावी. व्यक्तिवाद आणि औद्योगिकीकरण यांच्यासाठी नंतर एक परिच्छेद पुरतो.